छापण्यास हरकत नाही

सहलीच्या बेताचा कागद हातात पडला आणि पहिल्याच ओळीला वेलांटीच्या कपाळावर आठ्या चढल्या. वर जांभळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'निसर्गाच्या कुशीत, इतिहासाच्या सानिध्यात'. दोन्ही बाजूंना माडांची चित्रं आणि मधोमध एक हसरा सूर्य.

"सानिध्यात," तो म्हणाला. "अख्खा एक 'न' गिळलाय तुझ्या भावोजींनी. चावलासुद्धा नाही."

"जरा नजर टाका, एवढंच म्हटलंय," बायको म्हणाली. "आणि तिकडे खिडकीशी बसा. मला टेबल पुसायचंय."

वेलांटी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. बत्तीस वर्षं तो एका छापखान्यात मुद्रितं तपासायला होता, म्हणजे पुस्तक छापायच्या आधी त्यातल्या दुसऱ्यांच्या चुका शोधणं हे त्याचं पोटापाण्याचं काम होतं. एका वेलांटीवरून त्याने एका लेखकाला भर छापखान्यात रडवलं, तेव्हा खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांनी त्याला हे नाव ठेवलं आणि ते घरापर्यंत पोचलं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण लाल पेन काही निवृत्त झालं नव्हतं. दुकानाच्या पाट्या, दवाखान्यातल्या सूचना, लग्नाच्या पत्रिका, काही म्हणून सुटायचं नाही. शेजारचे गृहस्थ गेले तेव्हा जिन्यात लावलेल्या शोकसूचनेतला 'आत्म्यास' त्याने आधी दुरुस्त केला आणि मग हात जोडले. शुद्ध लिहिणारा जगात एकच माणूस उरलाय आणि तो आपण, अशी त्याची समजूत होती, आणि ती त्याने कधी कोणापासून लपवलीही नव्हती.

आता साडूचं सांगायचं, तर तो सोफे आणि पलंग विकणाऱ्या मोठ्या दुकानात मॅनेजर होता. हसायला लागला की समोरच्याच्या पाठीवर थाप मारायचा. वेलांटीच्या मते जो माणूस दिवसभर दुसऱ्यांना 'बसून बघा, बसून बघा' म्हणतो, त्याच्याकडून भाषेची अपेक्षा करणंच चूक. तरीही तो ती करायचा आणि दर वेळी नव्याने चिडायचा.

या सहलीचं घोडं तिसऱ्या वर्षी पुन्हा उभं राहत होतं. समुद्रकाठचा एक भाग होता, मागे दाट जंगल, जंगलातून वर गेलेली वाट आणि वाटेच्या टोकाला जुना किल्ला. बायको आणि तिची थोरली बहीण, दोघींनाही तिकडे जायचं होतं. पहिल्या वर्षी साडूने उत्साहाने बेत वाचून दाखवला, तेव्हा वेलांटीने 'निसर्गरम्य' या शब्दाचा पाऊण तास कीस काढला. शेवटी साडू म्हणाला, "बरं, राहू दे मग." दुसऱ्या वर्षी खोल्या ठरल्या, बॅगा भरल्या, आणि निघायच्या आदल्या दिवशी वेलांटीच्या हाती तिथल्या हॉटेलचं माहितीपत्रक पडलं. त्यात 'स्वागत' शब्दात चूक होती. "ज्यांना स्वागत लिहिता येत नाही, ते करणार काय कपाळ?" असं म्हणून त्याने मोडता घातला. बायकोने भरलेली बॅग त्याच्यासमोर रिकामी केली. एकेक साडी काढून कपाटात ठेवताना ती एक अक्षर बोलली नाही, आणि वेलांटीला वाटलं, पटलं तिला.

आणि गंमत अशी, की त्या किल्ल्यावर जायची सगळ्यांत जास्त आस खुद्द वेलांटीलाच होती.

बावीस वर्षांपूर्वी त्या किल्ल्यावरचं एक पुस्तक त्याच्या हाताखालून गेलं होतं. लिहिणारे एक इतिहासाचे मास्तर. आयुष्यभर सुट्ट्यांमध्ये तो किल्ला पायाखाली घालून त्यांनी दोनशे पानं लिहिली होती. वेलांटीची मुद्रितं तपासायची रीत वेगळी होती. तो उलटं वाचायचा, पानाच्या शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे. सुलट वाचलं की अर्थ मधे कडमडतो आणि डोळा चुकीवरून घसरतो, असं तो म्हणायचा. अशी शेकडो पुस्तकं त्याने शुद्ध केली होती, आणि त्यांत काय लिहिलंय याचा त्याला आजवर पत्ता नव्हता. आकडे मात्र तो वेगळ्या चिठ्ठीवर उतरवून घ्यायचा, आणि ते एकमेकांशी जुळलेच पाहिजेत हा त्याचा हट्ट.

मास्तरांच्या पुस्तकात एक्केचाळिसाव्या पानावर होतं, एकशे बारा पायऱ्या. सत्त्याण्णवाव्या पानावर होतं, एकशे एकवीस पायऱ्या. किल्ला एक, वाट एक आणि पायऱ्या दोन प्रकारच्या! वेलांटीला जो आनंद झाला तो काय सांगावा. मास्तरांना विचारण्याचा प्रश्नच नव्हता, लेखकाला विचारणं त्याला कमीपणाचं वाटायचं. त्याने लाल रेघ मारून एकशे एकवीसचे एकशे बारा केले, आणि पुस्तक छापून बांधून तयार झालं.

मास्तर पहिली प्रत हातात घेऊन तडक छापखान्यात आले. सगळ्या कामगारांसमोर म्हणाले, "मी पायांनी मोजलेल्या पायऱ्या तुम्ही खुर्चीत बसून खाल्ल्या. नऊच्या नऊ." एवढं बोलून ते गेले आणि परत त्या दारात आले नाहीत. पुढे वर्षभर वेलांटी चहाला उठला की कोणीतरी हळूच म्हणायचं, "जपून, पायरी आहे." मास्तर आता हयात नव्हते. पण वेलांटीने सत्त्याण्णवाव्या पानाचं ते मुद्रित जपून ठेवलं होतं, कपाटात, पुस्तकाच्या पोटात. त्याला एकदा त्या किल्ल्यावर जाऊन स्वतः पायऱ्या मोजायच्या होत्या. एकशे बारा भरल्या असत्या, तर बावीस वर्षांचा काटा निघाला असता.

हे तो कोणाला सांगणार? ज्याला दुसऱ्याची चूक दिसते त्याच्या मनात स्वतःच्या चुकीची शंका आहे, हे साडूसमोर कबूल करायचं? त्यापेक्षा जीव गेलेला बरा. म्हणून तो दर वर्षी बेत मोडायचा आणि दर वर्षी मनातून वाट बघायचा, की कोणीतरी आपल्याला आग्रह करून, हाताला धरून, 'तुमच्याशिवाय मजा नाही' असं म्हणून नेईल. असं कोणी म्हणण्याची सोय त्यानेच ठेवली नव्हती, ते सोडा.

यंदा मात्र घाई होती. बायकोच्या गुडघ्यांबद्दल डॉक्टरने सांगून टाकलं होतं, "काय चढायचं ते या वर्षी चढून घ्या." वेलांटीनेही मनाशी ठरवलं होतं, या खेपेला फाटे फोडायचे नाहीत. गुपचूप जाऊन तो चांगल्या तळव्याचे बूटसुद्धा घेऊन आला होता. फक्त साडूला त्याची जागा दाखवून द्यायची, कागद शुद्ध करायचा, आणि मग उपकार केल्यासारखं गाडीत जाऊन बसायचं.

तो खिडकीशी बसला. पट्टी घेतली, लाल पेनाचं टोपण काढलं आणि दुसऱ्या पानाच्या तळापासून वर निघाला.

काय एकेक रत्नं होती! 'सुर्यास्त'. 'ऐतिहासीक'. 'किल्यावर', एका ल वर. 'घनदाठ जंगल', म्हणजे जंगलालाही मराठी येत नसावं. "हा माणूस पलंग विकतो तेच बरं करतो," वेलांटी मोठ्याने म्हणाला. "लोक निदान झोपतात तरी. हे वाचून झोप उडेल."

बायको टेबल पुसत होती. ती फक्त म्हणाली, "सगळं वाचा हं. नीट."

"छप्पन्न पुस्तकांचे लेखक माझ्यापुढे उभे राहायचे, आणि तू मला नीट वाच म्हणतेस?"

'धाकटि' या शब्दाची वेलांटी त्याने दीर्घ केली. 'तिन'चं तीन केलं. वर पहिल्या पानावर पुन्हा 'तिन' आलं, तेव्हा तर त्याने खूण करताना 'कहर' असा शेराच मारला. मग रिवाजाप्रमाणे आकड्यांची चिठ्ठी केली. दिवस चार. खोल्या दोन. पहिल्या पानावर प्रवासी तीन, दुसऱ्या पानावर प्रवासी तीन. आकडे जुळत होते. एवढं तरी जमलं गड्याला, असं म्हणून त्याने चिठ्ठी चुरगळून टाकली. दोन पानांत एकतीस चुका निघाल्या होत्या. कागद लाल झाला होता आणि वेलांटीला कितीतरी दिवसांनी बरं वाटत होतं.

चार दिवसांनी दुरुस्त केलेला कागद आला. त्यात नऊ चुका. मग आणखी एकदा आला. त्यात एकच, तीही स्वल्पविरामाची. बायको दर वेळी कागद आणून समोर ठेवायची आणि दर वेळी म्हणायची, "नीट वाचलंत ना?" तिसऱ्या खेपेला ती कधी नव्हे ते समोरची खुर्ची ओढून बसली.

"तुम्हाला यात काही कमी वाटतंय का?"

"अक्कल," वेलांटी म्हणाला.

"ते झालंच. आणखी काही राहून गेल्यासारखं?"

"एक टिंबही राहिलेलं नाही. माझ्या हाताखालून गेलेला कागद आहे हा."

"म्हणजे तुमची हरकत नाही?"

छापखान्यात शेवटचं मुद्रित हातावेगळं करताना खाली 'छापण्यास हरकत नाही' असं लिहून सही आणि तारीख टाकायची पद्धत होती. एकदा ते लिहिलं की लेखकाने डोकं आपटलं तरी एक मात्रा हलायची नाही. त्या नियमावरून वेलांटीने कितीतरी जणांचे पाणउतारे केले होते. एका बाईंना अर्पणपत्रिकेत वडलांचं नाव घालायचं राहून गेलं होतं आणि त्या काकुळतीला येऊन उभ्या होत्या. त्यांनाही त्याने सहीवर बोट ठेवून परत पाठवलं होतं. हा किस्सा तो घरी येणाऱ्या प्रत्येकाला अभिमानाने ऐकवायचा. बायकोने तो किती वेळा ऐकला होता, त्याला गणती नव्हती.

त्याने लाल पेनाने ऐटीत लिहिलं, 'छापण्यास हरकत नाही'. खाली सही ठोकली, तारीख टाकली.

"वाचता येतं ना?" त्याने विचारलं.

"येतं," ती म्हणाली, आणि कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

जायच्या दिवशी सकाळी खाली हॉर्न वाजला. बायको आपली बॅग घेऊन दाराशी उभी होती. वेलांटी आतून आला तो नव्या बुटांत, हातात बॅग आणि काखेत मास्तरांचं पुस्तक. चेहऱ्यावर मुद्दाम आणलेला कंटाळा.

"चला," तो म्हणाला. "आता तुझ्या भावोजींचे विनोद ऐकायचे सात तास."

बायको त्याच्या बुटांकडे बघत राहिली. मग तिने पर्समधून कागद काढला.

"तुम्ही कुठे निघालात?"

"म्हणजे?"

"प्रवासी तीन," ती म्हणाली. "ताई, भावोजी आणि मी. 'थोरली दोघं आणि धाकटी', असं लिहिलंय बघा. धाकटीची वेलांटी तुम्हीच नीट केलीत. तीनसुद्धा दोनदा नीट केलंत."

वेलांटीने कागद हिसकावून घेतला. पहिल्यांदाच तो हा कागद सुलट वाचत होता. दोन खोल्या, एक दोघांची, एक एकटीची. मागच्या सीटवर धाकटी आणि सामान. सगळं स्वच्छ, शुद्ध, बिनचूक.

"ही त्या साडूची कारस्थानं!"

"भावोजींनी फक्त टाइप केलं. बेत माझा आहे. शब्द माझे आहेत. तो जांभळा रंगसुद्धा माझाच. तीनदा समोर ठेवला तुमच्या. काही राहिलंय का म्हणून विचारलं. आपलं नाव नाही, एवढं तरी माणसाच्या लक्षात येईल असं वाटलं होतं मला. आलं असतं ना, तर आत्ता चौघं निघालो असतो."

तेवढ्यात उशीर का होतोय ते बघायला साडू वर आला. वेलांटीची बॅग बघितली, बायकोचा चेहरा बघितला आणि त्याचं हसू मावळलं. "अहो, त्यात काय एवढं," तो म्हणाला. "सामान पायाशी घेऊ. बसा की साडूभाऊ, होतंय चौघांचं." तो हे खरंच मनापासून म्हणत होता, आणि ज्याला आपण इतकी वर्षं कस्पटासमान लेखलं त्याच्या तोंडून ते ऐकणं, यासारखी दुसरी शिक्षा नव्हती.

"नाही भावोजी," बायको म्हणाली. तिने कागदावरच्या लाल सहीवर बोट ठेवलं. "हरकत नाही लिहिल्यावर बदल होत नसतो. यांचा नियम आहे."

ते बोट अगदी तसंच ठेवलेलं होतं, जसं तो त्या बाईंचा किस्सा सांगताना ठेवून दाखवायचा. वेलांटीच्या तोंडचं पाणी पळालं. पण वाकेल तो वेलांटी कसला.

"मला यायचंच नव्हतं," तो म्हणाला. "मी सोडायला येत होतो खाली."

"आणि बॅग?" साडूने भाबडेपणाने विचारलं.

"लाँड्रीत द्यायचीय."

कोणी हसलं नाही. साडूसुद्धा नाही. बायको जिन्यात दोन पायऱ्या उतरली आणि थांबून वळली. काखेतल्या पुस्तकाकडे बघून तिने विचारलं, "मोजून येऊ का?"

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. कपाटातलं पुस्तक, पोटातलं पान, सगळं. वेलांटीला त्या क्षणी तिचा राग आला आणि स्वतःची लाज वाटली. त्याने नुसती मान हलवली. हो म्हणून की नको म्हणून, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

पुढचे दोन दिवस तो घरात नवे बूट घालून फिरला. वर्तमानपत्र तसंच घडी घातलेलं राहिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. पलीकडे जोराचा वारा होता आणि बायकोला धाप लागली होती.

"ऐकताय ना? तटापर्यंत एकशे बारा पायऱ्या."

वेलांटी ताडकन उभा राहिला. "बघ! बावीस वर्षं मी हेच सांगतोय! ते मास्तर, अगं, स्वतःला इतिहासकार म्हणवायचे आणि..."

"थांबा. मी तटावर नाहीये. बुरुजावर उभी आहे. तटाच्या आतून बुरुजावर यायला आणखी नऊ आहेत. ताईने मोजल्या, भावोजींनी मोजल्या, मी मोजल्या. तिघांचं जुळतंय."

पुस्तक समोरच होतं. त्याने एक्केचाळिसावं पान काढलं आणि सुलट वाचलं. 'तटापर्यंत चढायला एकशे बारा पायऱ्या लागतात.' मग ते जपून ठेवलेलं सत्त्याण्णवावं पान काढलं. 'एकशे एकवीस पायऱ्या चढून दमलेल्या माणसाला बुरुजावरून असा समुद्र दिसतो, की तो शीण विसरतो.' एकात तट होता आणि एकात बुरुज. मास्तरांनी दोन्ही बरोबर लिहिलं होतं. चूक नव्हतीच. ती दुरुस्त करणाऱ्याने आणली होती.

"एकदा विचारायचंत त्यांना," बायको म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

"गुडघा कसा आहे?" त्याने विचारलं.

"दुखतोय. पण समुद्र दिसतोय इथून." मग ती जराशी हसली. "हरकत नाही."

फोन बंद झाल्यावर वेलांटीने लाल पेन घेतलं. चुकून खोडलेला शब्द परत हवा असला, की त्याच्याखाली टिंबं द्यायची असतात, म्हणजे जुळाऱ्याला कळतं की हा राहू द्यायचाय. त्याने मास्तरांच्या 'एकशे एकवीस' खाली एकेक टिंब दिलं. ते बघायला ना जुळारी उरला होता ना मास्तर, तरी दिलं.

मग त्याने त्या सकाळी हिसकावून घेतलेला, टेबलावरच राहिलेला बेताचा कागद पुढे ओढला आणि पेन घेऊन 'प्रवासी' या शब्दापाशी थांबला. टिंबं द्यायची, तर शब्द आधी कोणीतरी लिहून खोडलेला तरी असावा लागतो. इथे त्याचं नाव मुळात लिहिलेलंच नव्हतं. आणि त्याखाली लाल शाईत, तारखेनिशी, त्याचीच सही होती.